काटा स्थिरावेपर्यंत

फाइल उघडली ती गुणपत्रिका सगळ्यांत वर आहे ना, एवढंच बघायला. वर भलताच कागद होता. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं छापील नाव, खाली गोल शिक्का आणि मध्ये त्यांच्या त्या मुंग्या पळाल्यासारख्या अक्षरात दोन ओळी. सदर विद्यार्थिनी वाचादोषामुळे तोंडी प्रश्नांची उत्तरे देण्यास असमर्थ आहे. त्याला टाचणीने जोडलेला बाबांचा अर्ज. तरी महाविद्यालय-प्रवेशाच्या मुलाखतीच्या वेळी पालकास आत बसून तिच्या वतीने उत्तरे देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. 'नम्र'च्या खाली रेघ मारलेली. बाबा पाण्याची बाटली भरायला जिन्याखाली गेले होते. आत तेरा नंबर चालू होता, माझा सतरा. बाकावर माझ्या शेजारची मुलगी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, समोर एकाची आई त्याची कॉलर ओढून ओढून सरळ करत होती, आणि मी त्या 'असमर्थ'कडे बघत बसले होते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गेली, आणि तिथून परत उतरून हातांत येऊन थांबली. कागद टराटरा फाडावा असं वाटत होतं. पण शेजारीपाजारी माणसं असली की मी काही फाडत नाही, मला तसंच वाढवलंय. मी फाइल मिटली आणि पुन्हा उघडली.

डॉक्टरांनी मला तपासलं कधी? शेवटची त्यांच्याकडे गेले ती तापाला. त्यांनी विचारलं, काय होतंय, आणि आईने सांगितलं काय होतंय. घसा दुखतो का? आई म्हणाली, दुखतो. घसा दुखत नव्हता, डोकं दुखत होतं, पण मी 'डोकं' म्हणेपर्यंत औषध लिहून झालं होतं. मी घशाच्या गोळ्या खाऊन बरी झाले. आता तेच डॉक्टर न बघता, न ऐकता मला असमर्थ ठरवून मोकळे. आणि असमर्थ तरी कशाला? मला सगळं बोलता येतं. फक्त क, ग आणि प यांच्यापाशी माझा घसा किंवा ओठ बंद होतात, कुणीतरी आतून कडी लावल्यासारखे. मग मी उभी राहते. कधी पाच सेकंद, कधी वीस. कडी निघते. शब्द येतो. वीस सेकंद म्हणजे काय असं मोठं? चहात साखर ढवळायला लोक तेवढा वेळ घेतात, रस्ता ओलांडायला घेतात. माझ्या शब्दाला मात्र कुणाकडे वीस सेकंद नसतात. माझं स्वतःचं नाव या तिघांतल्याच एका अक्षराने सुरू होतं. आईने मोठ्या हौसेने ठेवलं. घरातल्या कुणाचंही नाव मला न अडखळता घेता येतं, माझं सोडून.

घरात तर माझी वाक्यं पुरी करण्याची शर्यतच असते. मागच्या थंडीत जेवताना मी आईला पंखा बंद कर म्हणायला गेले. 'प'वर ओठ मिटले. आईने लगेच पाण्याचा पेला पुढे केला. मान हलवून पुन्हा सुरुवात केली, तर ताईने तांब्याच उचलून दिला, आणि वर म्हणाली, "अगं, मग दोन पेले पी ना, लाजतेस काय." मी कुडकुडत पंख्याखाली दोन पेले गार पाणी प्यायले. कुणी वाईट वागत नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट वागले असते तर भांडता आलं असतं. ही ताई दिवसभर कंपनीच्या तक्रार-विभागात फोनवर बसते. कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांना सांगते, 'मी आपली अडचण समजू शकते, आपण सावकाश सांगा.' तिच्या तोंडून हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, एकदा तिचा डबा द्यायला गेले होते तेव्हा. पलीकडचा माणूस बराच वेळ भांडत होता आणि ताई शांतपणे 'हो, हो, ऐकतेय' म्हणत होती. संध्याकाळी तीच ताई घरी आली आणि मी दाराशी एक शब्द सुरू केला तर चपला काढता काढता म्हणाली, "कळलं, कळलं." काय कळलं? मी अजून पहिल्या अक्षरावर होते.

गेला महिनाभर या ताईने माझी तयारी करून घेतली. जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर प्रश्न लिहिले, पाठीमागे उत्तरं. इतिहासच का घ्यायचा आहे? उत्तर: कारण गतकाळाच्या परिशीलनातूनच प्रगतीचा पाया घातला जातो. अशी वाक्यं. जो माणूस दिवसभर माणसांशी बोलतो, तो लिहायला बसला की एवढा पुतळा का होतो कुणास ठाऊक. आणि त्यात माझ्या तीन वैऱ्यांची कशी फौज बघा. कारण, गतकाळ, परिशीलन, प्रगती, पाया. मुद्दाम निवडून लिहिलं असतं तरी इतकं जमलं नसतं. मी ते पुठ्ठे पाठ केले. सनावळ्या, तह, लढाया, कुणाच्या मागून कुणाचा मुलगा आणि त्याने कुणाचे डोळे काढले. बाबांनी जुन्या बाजारातून दोन जाडजूड इतिहासाची पुस्तकं आणली, वाळवी लागलेली, आणि दुकानातल्या ब्रशने एकेक पान झाडून दिली. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज कुठपर्यंत आलीस?" आणि मी शतक सांगायचे. त्यांना इतका आनंद व्हायचा की मी पुढचं शतक पाठ करायला घ्यायचे. मला इतिहास नको होता. मला कधीच नको होता. मला गणित हवं होतं.

आता कुणी म्हणेल, मग इतिहास आला कुठून? तेच तर. शब्द अडला की मी शेजारचा शब्द उचलते. ही माझी लहानपणापासूनची कामाची पद्धत आहे, आणि माझ्याइतकी सफाई फार थोड्यांना असेल. कडी लागणार हे मला दोन शब्द आधीच कळतं, मग मी गल्ली बदलते. 'पुस्तक' येणार नाही, 'वही' म्हणते. 'कालवण' येत नाही, 'आमटी' म्हणते आणि नावडती आमटी खाते. 'परवा' येत नाही, 'उद्या' म्हणते आणि एक दिवस आधी जाऊन बसते. लोकांना वाटतं पोरगी जरा वेंधळी आहे. वेंधळी म्हटलेलं परवडतं. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी म्हण आहे ना, मला ऐकून हसू येतं. माझी टाळ्याला लागते आणि तिथेच राहते. तर अर्जाच्या दिवशी खिडकीत एक कारकून बसला होता, समोर संगणक, आणि तो एकेक रकाना विचारून बोटांनी आपटत होता. माझ्यामागे पन्नास माणसांची रांग, तिच्यात एक बाई सारखी पिशवी माझ्या पाठीला टेकवणारी. "विषय?" मी 'ग'ला सुरुवात केली. कडी. "विषय सांगा ताई, लोक खोळंबलेत." पाठीत पिशवी. मी पाच सेकंद उभी होते, सहा, सात, आणि मग तोंडातून निसटलं, "इतिहास." गुळगुळीत, सुरेख आलं. कारकुनाने आपटलं. कागद छापून बाहेर आला. बाबा रांगेबाहेर उभे होते, त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला. "माझ्या वडलांनाही फार आवड होती बरं का," म्हणाले. मी घरी पोचायच्या आत फोनवरून घरभर झालं होतं.

लिहून का नाही सांगितलं, हे मी स्वतःला महिनाभर विचारते आहे. उत्तर मला माहीत आहे. तिसरीत आमच्या बाईंनी मला एक छोटी पाटी दिली होती, दोरी बांधलेली, गळ्यात घालायला. "बोलू नकोस हं बाळ, लिहून दाखव." प्रेमानेच दिली. सगळ्यांचं सगळं प्रेमानेच असतं. मी वर्षभर ती पाटी गळ्यात घालून फिरले, आणि मधल्या सुट्टीत मुलं तिच्यावर स्वतःला हवं ते लिहून जायची. शेवटच्या दिवशी मी ती जिन्याच्या कठड्यावर आपटली. तेव्हापासून जे बोलायचं ते मी लिहून देत नाही. मेले तरी देणार नाही. आणि घरी सांगायचं म्हणजे हे सांगायचं, की एका अक्षरासाठी मी माझी पुढची सगळी वर्षं बदलून आले. त्यापेक्षा पोरीला इतिहासाची ओढ आहे असं सगळ्यांना वाटू द्यावं, हे मला सोपं वाटलं. दगडापेक्षा वीट मऊ. ती वीट महिनाभर उशाला घेऊन मी झोपले.

पण आज सकाळी इथे आल्यावर फळ्यावरची सूचना वाचली. विषय बदलायचा असल्यास उमेदवाराने मुलाखतीच्या वेळी समितीस स्वतः सांगावे. त्यानंतर कोणताही बदल होणार नाही. मी ती तीनदा वाचली. एक शब्द होता. एकच शब्द मला आत जाऊन बोलायचा होता, आणि जिने चढताना मी ठरवलं होतं की बोलणार, वीस सेकंद लागोत की दोनशे. आणि आता हा कागद. हा कागद टेबलावर पडला की बाबा आत येऊन माझ्या शेजारी बसणार, इतिहासच का असं विचारलं की ते आपल्या वडलांपासून सुरू करणार, छान बोलणार, बाबा छान बोलतात, समितीला दया येणार आणि मला प्रवेश मिळणार. इतिहासाला. माझ्यासमोर. मी मान डोलावत असणार.

गणित मला बाबांच्याच दुकानात लागलं. बाबा तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करतात, जिन्याखालच्या एका खोलीत, जिथे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर बसायचे. एकदा त्यांनी माझ्यापुढे नऊ वजनं ठेवली, दिसायला सारखी. "यातलं एक जरासं हलकं आहे. काटा दोनदाच वापरायचा, शोध." मी अर्धा तास वजनांकडे बघत बसले. मग तीन या पारड्यात, तीन त्या पारड्यात, तीन बाहेर. बाबा हातातलं काम खाली ठेवून बघत राहिले. दुसऱ्यांदा काटा हलला आणि मी ते हलकं वजन उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. एक शब्द बोलावा लागला नव्हता आणि सगळं सांगून झालं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि पारडं हलत असताना बोट लावायला गेलं की बाबा त्याचा हात धरायचे. "काटा स्थिरावेपर्यंत हात लावायचा नाही. तो सांगतोय ना, सांगू द्या त्याला." कितीही घाईचं गिऱ्हाईक असो. पितळेच्या काट्याला जे मिळतं ते मला घरात मिळालं नाही, हे माझ्या आज पहिल्यांदा लक्षात आलं, आणि इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ते मी ओढणीने पुसलं आणि अर्ज पुन्हा वाचायला घेतला, शिव्या द्यायला निदान पूर्ण वाचलेला बरा म्हणून.

खाली बाबांची सही होती. सहीखाली पत्ता. त्याखाली: व्यवसाय, शिवणकाम.

माझी नजर तिथून हलेना. शिवणकाम हा माझाच शब्द. पाचवीत असताना नव्या वर्गशिक्षिकेने उभं करून विचारलं होतं, वडील काय करतात? 'काटे' आलं नाही. मी म्हटलं, शिवणकाम. बाईंनी लिहून घेतलं. गंमत म्हणून सोडून देता आलं असतं, पण पुढच्या पालकसभेला बाईंनी बाबांच्या हातात कापडाचा तुकडा आणि मापाचा एक जुना ब्लाउज दिला. मी दाराआडून बघत होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीत घालून म्हणाले, "आठवड्याने देतो." आईने तो शिवला, आयुष्यात पहिल्यांदा ब्लाउज शिवला. बाबांनी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यानंतर शाळेत येताना ते हात घासून यायचे, नखांतला पितळेचा काळेपणा ब्रशने काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटायचं, वय झालं तशी टापटीप सुचली.

बाबा बाटली घेऊन आले. शर्ट कडक इस्त्रीचा, नखं गुलाबी होईपर्यंत घासलेली. माझ्या मांडीवरचा कागद बघून थबकले, मग शेजारी बसले. आत सोळा नंबर गेला.

"रागावू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला त्रास नको म्हणून आणला. बोलायला लागलीस की तुला किती त्रास होतो."

"त्रास तुम्हाला होतो," मी म्हटलं.

मी 'शिवणकाम'वर बोट ठेवलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं आणि मग समोरच्या भिंतीकडे.

"तुझ्या दाखल्यावर तेच आहे ना. म्हटलं, इथेही तेच असू दे. तुला काट्यांची लाज वाटते, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्यात वाईट काही नाही, बाळ. मुलांना वाटते."

आठ वर्षं. आठ वर्षं हा माणूस हे घेऊन हात घासतोय. इतका राग मला डॉक्टरांचा आला नव्हता, त्या पिशवीवाल्या बाईचा आला नव्हता. ज्याला रतीभर फरक कळतो त्याला एवढं चुकीचं माप घेता येतं, आणि घेतलेलं माप पुन्हा तपासावंसं वाटत नाही. मला विचारायचं ना, असं मला ओरडायचं होतं. पण त्यांनी विचारलं असतं तर काय झालं असतं, तेही मला माहीत होतं. मी सुरुवात केली असती आणि ते म्हणाले असते, कळलं, कळलं.

मी त्यांच्याकडे वळले आणि तो शब्द घेतला. शेजारच्या गल्लीत गेले नाही. 'क'. घसा बंद झाला. मान आखडली, डावा डोळा मिटायला लागला, तो तसा मिटतो, आरशात फार वाईट दिसतो. शेजारच्या मुलीचं पुटपुटणं थांबलं. बाबांचे ओठ हलायला लागले, ते माझ्यासाठी शब्द शोधत होते, आणि त्यांचा हात माझ्या खांद्याकडे आला.

"हात लावू नका," मी म्हटलं.

त्यांना आधी लागलं. मग ते ओळखीचं वाटलं असावं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी तो हात मागे घेतला, दुसराही घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून बसले, दुकानात बसतात तसे. मी पुन्हा सुरुवात केली. किती वेळ गेला मी मोजलं नाही.

"काटे," मी म्हटलं. "हे म्हणायचं होतं. आलं नाही. शिवणकाम आलं. लाज नव्हती. एवढंच होतं."

बाबा आपल्या नखांकडे बघत होते.

"तुझ्या आईने तो ब्लाउज दोनदा उसवला," शेवटी म्हणाले. मग वेगळ्याच आवाजात, "आणि इतिहास?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"तोही?"

मी मान डोलावली. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं आता विचारतील, मग काय हवं होतं, आणि मीच सांगतो म्हणतील. त्यांनी विचारलं नाही. माझ्या मांडीवरचे दोन्ही कागद घेतले, त्यांतली टाचणी काढून खिशाला लावली, कामाची वस्तू फेकत नाहीत ते, आणि कागदांची चौकोनी घडी घालून खिशात टाकली. तेवढ्यात दाराशी शिपायाने सतरा नंबर पुकारला.

आत तिघे होते. मध्ये चष्मा लावलेल्या एक बाई, डावीकडे वाळकासा माणूस, उजवीकडे एक तरुण, त्याच्यापुढे यादी. दार मागे पुरतं लागलं नव्हतं. बसताना मला फटीतून बाबांचा इस्त्रीचा शर्ट दिसला, पाठमोरा, आणि पाठीवर बांधलेले हात.

"नाव?" तरुण म्हणाला.

मी घेतलं. पहिल्याच अक्षरावर कडी. तरुणाने तीन सेकंद वाट पाहिली, यादीत बोट फिरवलं आणि हसून माझं नाव मोठ्याने वाचलं. "हेच ना?" मान हलवायची की झालं. आयुष्यभर मी इथेच मान हलवत आले. मी हात वर केला, रस्त्यात गाडीला थांबवतात तसा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डोळा मिटला, मिटू दे. वाळकासा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. बाईंचं पेन थांबलं. मग माझं नाव आलं, सगळं, आडनावासकट, आणि ते माझ्या आवाजात कसं वाटतं हे मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "इतिहासच का घ्यावासा वाटला?"

"इतिहास नाही," मी म्हटलं. "मला..."

'ग'. घसा बंद. वाळक्या माणसाने टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. "लिहून दिलंत तरी चालेल. ताण घेऊ नका." प्रेमाने म्हणाला. मी तो कागद तसाच पेनासकट त्याच्याकडे परत सरकवला. थोडा जोरातच गेला, पेन पलीकडे खाली पडलं. कुणी उचललं नाही. बाहेर कुणीतरी खोकलं, ते बाबा नव्हते. मी तिथेच उभी होते, त्या आतल्या बंद दारासमोर, आणि या वेळी शेजारची गल्ली दिसत असूनही वळत नव्हते.

"गणित," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला. माझ्या अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मग अर्जावर इतिहास कसा आला?"

"सांगते," मी म्हटलं. "वेळ लागेल."